लग्नाच्या आहेरासाठी लेथवर कुंकवाचा करंडा: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

हाताने केलेला आहेर द्यायचा असेल आणि लाकूडकामाचा लेथ वापरायला मिळत असेल, तर कुंकवाचा करंडा कातायला घ्यावा. लाकूड वीतभरही लागत नाही, आणि शोकेसमध्ये धूळ खात पडण्याऐवजी तो देवघरात रोज उघडला जातो. मात्र याआधी लेथवर निदान दोन लाटणी आणि एखादा भोवरा कातून झालेला असावा. हत्यार लाकडाला कसं टेकवायचं हे हाताला ठाऊक नसताना झाकणाची डबी करायला गेलं, तर दिवस वाया जातो आणि लाकूडही.

झाकणाच्या बसणीबद्दल एक गोष्ट आधीच ठरवून टाका. झाकण ओढलं की ‘टॉप’ असा आवाज यावा, यात कातकाम करणाऱ्यांना मोठी फुशारकी वाटते. कुंकवाच्या करंड्यात हा दोष आहे. हळदीकुंकू लावणारीच्या एका हातात ताट असतं, त्यामुळे झाकण उघडायला एकच हात मोकळा राहतो. घट्ट झाकण हिसका देऊन निघतं आणि चिमूटभर कुंकू समोरच्या पैठणीवर जातं. म्हणून झाकण डगमगणार नाही, पण करंडा ताटातून न उचलता वर निघेल, एवढं सैल हवं. पुण्याच्या हवेतही हेच शहाणपणाचं आहे, त्याबद्दल पुढे येईलच.

लाकूड

७५ × ७५ मिमी जाडीचा आणि ११० मिमी लांबीचा ठोकळा घ्या. लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेने, म्हणजे करंड्यात उभ्या आल्या पाहिजेत. आडव्या रेषांचा ठोकळा घेतला तर करंडा उंचीतही हलतो आणि झाकणाची पातळ कड रेषेवरच तुटते.

पहिल्या करंड्यासाठी जुनं सागवान घ्यावं. पुण्यात वाडे पाडले जातात तेव्हा खांब, तुळया, वासे निघतात आणि जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांकडे जातात. कित्येक दशकं छपराखाली वाळलेलं हे लाकूड नव्या सागवानापेक्षा खूपच कमी हलतं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्येही कापून उरलेले तुकडे विचारून पाहा. वाड्याच्या लाकडात खिळे हमखास असतात. डोकं तुटून आत राहिलेला खिळा वरून दिसत नाही, म्हणून ठोकळ्याच्या चारही बाजूंवरून जोरदार लोहचुंबक फिरवा. लाकडात निळसर काळा डाग दिसला तर तिथे लोखंड आहे किंवा होतं असं समजा. जुना रंग असेल तर तो घासून उडवू नका, करवतीने वरचा थरच काढून टाका. जुन्या रंगात शिसं असण्याचा संभव असतो.

सागवानाची एक खोड आहे. त्यात सिलिका असते आणि ती धार खाते. हत्यार कापायचं थांबून घासायला लागलं, ढलप्यांच्या जागी पीठ पडायला लागलं, की लगेच ग्राइंडरवर जा. एका करंड्याला पाच-सहा वेळा धार लावावी लागली तर आश्चर्य मानू नका.

शिसव दिसायला राजेशाही असतं आणि स्वच्छ कातलं जातं, पण त्याची धूळ अनेकांना बाधते: शिंका, डोळ्यांची जळजळ, हातावर पुरळ. शिसव घेतलं तर एन ९५ मास्क लावल्याशिवाय पॉलिशपेपर हातात धरू नका. आंब्याचं लाकूड स्वस्त आहे, ते सरावासाठी ठेवा, कारण झाकण बसवल्यावर ते फार लवकर आकार बदलतं. हळदू मिळालं तर सोडू नका. पिवळसर, एकसारख्या घट्ट पोताचं हे लाकूड कातकामासाठीच जन्माला आलंय असं वाटतं.

यंत्र आणि हत्यारं

छोटा टेबलावरचा लेथ पुरतो. त्यावर चार जबड्यांचा स्क्रोल चक (लाकूड एका टोकाने धरणारी पकड) हवा, ५० मिमीच्या आसपासच्या जबड्यांचा. हत्यारांत रफिंग गाऊज (चौकोनी लाकूड गोल करायची पन्हळी पटाशी), आकार द्यायला १० मिमी स्पिंडल गाऊज, खाच पाडायला आणि तुकडे करायला २ ते ३ मिमी पार्टिंग टूल, आणि खरवडून काढणारे दोन स्क्रेपर: एक सरळ तोंडाचा, एक गोल. यांशिवाय टेलस्टॉकमध्ये (लेथच्या मागे-पुढे सरकणाऱ्या टोकात) धरायचा ड्रिल चक, सपाट तळाचं भोक पाडणारं ३० मिमीचं फोर्स्टनर बिट आणि बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर. व्हर्नियर साधा चालेल, पण तो हवाच. झाकण अंदाजाने बसवता येत नाही. यातलं बरंच रविवार पेठेत बोहरी आळीत फिरलं की मिळतं. चक आणि लाकूडकामाची हायस्पीड स्टीलची हत्यारं बहुधा ऑनलाइन मागवावी लागतात.

चेहऱ्यावर पूर्ण शील्ड घाला, नुसता चष्मा पुरत नाही. हातमोजे घालू नका, लेथ मोज्यासकट हात ओढतो. ओढणी, गळ्यातली साखळी, मोकळे केस, लांब बाह्या यांचं आधी काहीतरी करा. टूल रेस्ट, म्हणजे हत्यार टेकवायची पट्टी, हलवली की दर वेळी लाकूड हाताने एक पूर्ण फेरी फिरवून बघा आणि मगच स्विच दाबा. दाबताना लाकडाच्या समोर उभं न राहता बाजूला उभं राहा.

आधी जाडं कातून मुरवा

करंडा एका बैठकीत पुरा करायचा मोह होतो, आणि बिघडण्याचं मोठं कारण तेच असतं. ठोकळा आतून पोकळ केला की लाकडातला ताण सुटतो, आतलं दमट लाकूड हवेला लागतं आणि गोल भोक अंडाकृती होतं. लाकूड गाभ्यापासून सालीच्या दिशेने जितकं आकसतं त्याहून जास्त वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने आकसतं, म्हणून गोल गोल राहत नाही. सकाळी छान बसलेलं झाकण आठवड्याने एकाच बाजूला अडतं ते यामुळे.

त्यासाठी काम दोन टप्प्यांत करा. पहिल्या टप्प्यात गोल करणं, दोन तुकडे करणं आणि दोन्ही जाडसर पोकळ करणं, झाकणाची भिंत १२ मिमी आणि अंगाची २० मिमी जाड ठेवून. मग दोन्ही तुकडे कागदाच्या पिशवीत घालून कपाटात ठेवा. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करून तुकड्यावरच पेन्सिलने लिहा. लागोपाठ दोन आठवडे वजन तेच आलं की लाकूड मुरलं. वाड्याच्या सागवानाला दोन-तीन आठवडे, नव्या लाकडाला त्याहून बरेच जास्त. मे महिन्यातलं लग्न असेल तर फेब्रुवारीतच ठोकळा लेथवर चढवा.

गोल करणं आणि पकड

ठोकळ्याच्या दोन्ही तोंडांवर कर्ण आखून मध्य काढा. दोन सेंटर्समध्ये, म्हणजे लेथच्या दोन्ही बाजूंच्या टोकदार आधारांमध्ये धरून ८०० आरपीएमच्या आसपास रफिंग गाऊजने ७० मिमीचा गोल करा. गोल झाला की वेग १२००-१५०० पर्यंत न्यायला हरकत नाही.

आता दोन्ही टोकांना चकच्या जबड्यांत धरायची ‘पकड’ काढा: ५० मिमी व्यास, ६ मिमी लांबी. इथे बारकाईने करा. पकडीचं टोक चकच्या तळाला टेकता कामा नये, जबड्यांचं तोंड पकडीच्या खांद्यावर सपाट टेकलं पाहिजे. टोक तळाला टेकलं तर खांदा अधांतरी राहतो, लाकूड डोलतं आणि हत्यार अडकलं की चकमधून उडतं. खांदा सरळ पार्टिंग टूलने स्वच्छ काटकोनात कापा.

आखणी पेन्सिलने अशी: खालची पकड ६, करंड्याचं अंग ४०, त्यावर झाकण बसायची कड ६, कापण्यासाठी ३, झाकण ३४, वरची पकड ६. बेरीज ९५ होते. उरलेले १५ मिमी सेंटर्सचे खड्डे काढण्यात आणि चुकांत जातात. लाकूड फिरत नसताना दोन्ही भागांवरून जाणारी एक उभी रेघ मारून ठेवा. शेवटी झाकणाच्या आणि अंगाच्या रेषा जुळवायला तीच खूण उपयोगी पडते.

तुकडे करताना पार्टिंग टूलने पूर्ण आरपार जाऊ नका. मध्ये १० मिमी शिल्लक ठेवा, लेथ बंद करा आणि उरलेलं हाताच्या करवतीने कापा. आरपार गेलात तर शेवटच्या क्षणी मधल्या रेषा उपटून निघतात आणि झाकणाच्या आत खड्डा पडतो. पार्टिंग टूल धूर काढायला लागलं तर खाच हत्याराच्या रुंदीपेक्षा एखाद मिमी जास्त रुंद करत जा. ते दोन्ही बाजूंनी घासत असतं.

झाकण आधी

लाकूड मुरलं की दुसरा टप्पा. मुरल्यावर पकडी किंचित अंडाकृती झालेल्या असतात, त्या आधी पुन्हा गोल करून घ्या.

आधी झाकण करा, अंग नंतर. झाकणाचं भोक मोजणं आणि बदलणं अवघड असतं, अंगावरची कड बाहेरून चिमूटभर कापणं सोपं. अवघड भाग आधी पक्का करायचा आणि सोपा त्याला जुळवायचा.

झाकण चकमध्ये धरा. तोंडाचा व्यास ५४ मिमी. त्यातली पहिली ८ मिमी खोली अगदी सरळ भिंतीची, त्यापुढे घुमटासारखी गोलाई, एकूण खोली १६ मिमी. उभ्या रेषांच्या लाकडात पोकळी करताना गाऊज मध्यापासून बाहेर आणायचा. बाहेरून आत गेलात तर रेषा उचकटतात आणि हत्यार अडकतं. सरळ भिंत मात्र सरळ तोंडाच्या स्क्रेपरने हलक्या हाताने करा. व्हर्नियरच्या आतल्या जबड्यांनी तोंडाशी एकदा आणि ८ मिमी आत एकदा मोजा. दोन्ही आकडे सारखे आले पाहिजेत. तोंड रुंद आणि आत अरुंद असेल तर झाकण वर उचललेलं राहतं. तोंड अरुंद असेल तर पहिल्यांदा घट्ट बसतं आणि कड आत गेली की खुळखुळतं.

झाकणाचा घुमट पॉलिशपेपरने घासा, पण सरळ भिंतीला पेपर लावू नका. लाकडाचा मऊ भाग जास्त झिजतो, कडक कमी, आणि व्हर्नियरने मिळवलेली गोलाई पेपर दोन मिनिटांत घालवतो. आतलं पॉलिशही आत्ताच करा. पुढे झाकणाचं तोंड अंगावर बसलेलं असेल, आत हात जाणार नाही.

अंग, कड आणि तो काळसर पट्टा

अंगाचं जाडसर भोक पहिल्या टप्प्यातच पाडायचं असतं, ते असं: अंग चकमध्ये धरून ३० मिमीच्या फोर्स्टनर बिटने ३२ मिमी खोल भोक पाडा, ४००-५०० आरपीएमवर. खोलीची खूण म्हणून बिटवर मास्किंग टेप गुंडाळा. बिट अधूनमधून बाहेर काढून भुसा झटका, नाहीतर ते तापतं आणि लाकूड करपतं. बिटचं टोक तळात छोटा खड्डा करतं, म्हणून बिटने पूर्ण खोली गाठायची नाही. आता या दुसऱ्या टप्प्यात गोल स्क्रेपरने भोक ४६ मिमी रुंद आणि कडेच्या माथ्यापासून ३६ मिमी खोल करा. तळाला १० मिमी लाकूड उरतं.

याहून खोल करायची हौस करू नका. कुंकू अनामिकेच्या टोकाने घेतात, बोट सहज तळाशी पोहोचलं पाहिजे. जाड तळामुळे करंडा जरा जड होतो, तेही बरंच आहे, ताटात लवंडत नाही.

आता झाकण बसायची कड. बाहेरून ५४ मिमी व्हायला हवी, पण सुरुवातीला ५५ ठेवा. माथ्याकडचे पहिले दीड-दोन मिमी किंचित निमुळते करून तेवढ्यावर झाकण टेकवा. लेथ सर्वांत कमी वेगावर ठेवून झाकण हाताने एक क्षण दाबून धरा आणि बंद करा. झाकण जिथे घासलं तिथे कडेवर काळसर चमकदार पट्टा उमटतो. तो पट्टा म्हणजे झाकणाचं अचूक माप. पार्टिंग टूल सपाट धरून पट्ट्याच्या खालचं लाकूड पट्ट्याच्याच पातळीला आणा, एका वेळी केसाएवढं. प्रत्येक कापानंतर लेथ थांबवून झाकण घालून बघा. इथे घाई केली तर एका कापात कड अर्धा मिमी बारीक होते, आणि लाकूड परत लावता येत नाही. तसं झालंच तर कड पुरती कापून टाका, त्याखाली नवी काढा आणि करंडा ६ मिमी ठेंगणा झाला असं माना. कोणाच्या लक्षातही येणार नाही.

कड ६ मिमी उंच आणि झाकणाची सरळ भिंत ८ मिमी खोल, हा २ मिमीचा फरक मुद्दाम ठेवलाय. झाकण खांद्यावर टेकलं पाहिजे, कडेच्या माथ्यावर नाही. खांदाही आतल्या बाजूला नकळत उतरता करा, म्हणजे बाहेरची सांध्याची रेघ बंद दिसते.

बाहेरचा आकार

या टप्प्यावर झाकण घट्टच हवं, कारण ते अंगावर बसवून दोन्ही एकत्र कातायचेत. सैल झालं असेल तर कडेवर टिश्यू पेपरचा एक पदर ठेवून झाकण दाबा. पेन्सिलची खूण जुळवा. टेलस्टॉक पुढे आणून झाकणाला हलका आधार द्या.

आकाराचं स्वातंत्र्य तुमचं. मध्ये ६६ मिमीचं पोट, सांध्याशी ६४, बुडाशी ५५, असा ठेंगणा आकार डोळ्याला बरा वाटतो. वर १२ मिमी व्यासाचं, १० मिमी उंचीचं बोंड ठेवा. त्याची मान ८ मिमीहून बारीक नको, ओल्या बोटांनी पकडताना तिथेच मोडतं. बोंड काढताना आतल्या घुमटाची खोली विसरू नका. झाकण एकूण ३४, त्यातलं बोंड १०, पोकळी १६, म्हणजे मध्ये ८ मिमी उरतं. बरेच नवशिके या बेरजेत चुकतात आणि बोंडाखाली आरपार भोक पडलेलं झाकण हातात येतं.

सांध्यावर पार्टिंग टूलच्या कोपऱ्याने इंग्रजी व्हीसारखी बारीक खाच पाडा. ही शोभेपुरती नाही. लाकूड पुढे थोडं अंडाकृती झालं की झाकण आणि अंग यांच्या कडा एकमेकींपासून सरकतात आणि बोटाला पायरी लागते. खाच असली की ती पायरी खाचेत लपते.

शेवटी टेलस्टॉक मागे घेऊन वरची पकड अगदी हलक्या कापांनी काढून टाका. मग पॉलिशपेपर: १२०, १८०, २४०, ३२०, ४००. वेग ६००-७०० वर आणा. प्रत्येक नंबरनंतर लेथ थांबवून रेषेच्या दिशेने हातानेही एकदा घासा, नाहीतर गोल चरे राहतात आणि ते पॉलिश चढल्यावरच दिसतात.

आता झाकण काढून कड थोडी-थोडी कापत सैल करा. चाचणी सोपी आहे: झाकण घालून अख्खा करंडा बोंडाने उचला. हवेत एक क्षण अडून अंग आपल्या वजनाने खाली सुटलं पाहिजे. टेबलावर दुमडलेला टॉवेल ठेवून ही चाचणी करा.

बुडाची पकड काढायला वाया गेलेल्या लाकडाचा तुकडा चकमध्ये धरून त्यावर ४६ मिमीचं बूच काता. करंडा त्यावर उलटा बसवून टेलस्टॉकचा आधार द्या. बूच ठोकून बसवू नका, कडेची भिंत चारच मिमी आहे, ती तडकते. बूड मध्ये दीड मिमी खोलगट करा, म्हणजे करंडा बाहेरच्या कडेवर टेकतो आणि डुगडुगत नाही. मधला बारीक कोंभ पटाशीने उडवा. वधूवरांची नावं आणि तारीख घालायची जागा हीच.

पॉलिश

आत तेल लावू नका. जवसाचं असो की दुकानातलं तयार डॅनिश ऑइल, बंद डबीत वास महिनोन्महिने कोंडून राहतो आणि कुंकवाच्या गुठळ्या होतात. आतून आणि बाहेरून चपड्याचं पॉलिश लावा: १०० मिली पॉलिशच्या स्पिरिटमध्ये १२ ते १५ ग्रॅम चपडा लाख, काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवून, सकाळी मलमलीतून गाळून. स्पिरिट पेट घेतं, देवाच्या निरांजनाजवळ ही बाटली नको. आत तीन हात द्या, मधे ४०० नंबरचा पेपर अलगद फिरवून. तळाच्या उघड्या रेषा पॉलिश पितात, तिथे एक हात जास्त. हळद ठेवायची असेल तर हे टाळू नका. कोऱ्या लाकडात हळद शिरली की निघत नाही, आणि साबणाने धुवायला गेलं की पिवळा डाग लाल होतो.

बाहेर दोन हात चपडा, त्यावर मधमाशीचं मेण. लेथ फिरत असताना कागदी नॅपकिनने दाबून घासा. कापडाची चिंधी वापरू नका, ती गुंडाळली जाते आणि बोटही सोबत जातं. कडेला आणि झाकणाच्या सरळ भिंतीला फक्त मेण. चपड्याचा थर तिथे जाडी वाढवतो आणि उन्हाळ्यात चिकटतो.

रंगीत लाखेचा मोह होतो. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून घर्षणाच्या उष्णतेने रंग चढवणं ही चन्नपट्टणच्या खेळण्यांची रीत. त्याला पांढरट, घट्ट पोताचं लाकूड लागतं. सागवानाच्या उघड्या छिद्रांवर लाख ठिपक्याठिपक्यांनी बसते.

पावसाळा

पुण्यात एप्रिलमधली दुपार कोरडी ठणठणीत, आणि जुलैत पापडही सादळतात. एप्रिलमध्ये नेमकं बसवलेलं झाकण जुलैत अडकणारच. कोरड्या दिवसांत करत असाल तर कड आणखी ०.२ ते ०.३ मिमी बारीक ठेवा. नवरी कोकणात किंवा मुंबईला जाणार असेल तर निःसंकोच ०.३. पावसाळ्यात केलेला करंडा उन्हाळ्यात सैल होईल. त्याला घाबरायचं कारण नाही, तेव्हा झाकण जास्तीत जास्त थोडं हलेल.

अडकलेलं झाकण सुरीने उचकटू नका, सांध्याची कड कायमची दातरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर दोन-तीन दिवस ठेवा, मग झाकणाच्या कडेवर बोटाने टिचक्या मारत फिरवा. आहेरासोबत एक चिठ्ठी द्या: ओल्या फडक्याने पुसू नये, सॅनिटायझर आणि अत्तर लागू देऊ नये, कारण स्पिरिटने चपडा विरघळतो. वर्षातून एकदा थोडं मेण पुरे.

पॉलिश बोटाला काही मिनिटांत सुकलेलं वाटलं तरी पुरतं कडक व्हायला आठवडा जातो. तोवर झाकण बाजूला काढून ठेवा आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका. रिकामा करंडा देणं बऱ्याच घरांत चालत नाही, पण कुंकू सुटं भरूनही देऊ नका, वाटेत ते सांध्यात शिरतं. कागदाची छोटी पुडी करून आत ठेवा आणि करंडा सुती कापडात बांधा.